कमरेला बांधलेली कविता

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ती काळ्या कातळाच्या मुलखात जन्मली. ज्या दगडाविषयी आम्ही आज बोलणार आहोत त्याच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. त्या दगडावर टाकी चालत नाही. सुरी घासली तर सुरीचीच धार जाते, दगडावर साधा चरा उठत नाही. चिनी कारागिरांनी हजारो वर्षे या दगडाला घाव घातला नाही. त्यांनी तो ओल्या वाळूने घासला, सहाणेवर चंदन उगाळावे तसा उगाळला आणि उगाळून उगाळून त्यातून डोंगर, होड्या, चंद्र, माणसे, इतकेच काय पण कवितेच्या ओळीसुद्धा वर काढल्या.

चीनमधील जेडचे कोरीव लोलक हा विषय आम्ही कळवला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी, एवढ्याशा लोलकावर तासभर बोलणार तरी काय, अशी काळजी व्यक्त केली. काळजी रास्त होती. वस्तू खरोखरच लहान आहे. आगपेटीएवढी लांबरुंद, जाडीला तिच्याहून पुष्कळ कमी, दुधाळ पांढऱ्या किंवा किंचित हिरवट रंगाची चौकोनी वडी. वरच्या कडेला बहुधा ड्रॅगनची जोडी आणि दोरा ओवण्यासाठी भोक. एका अंगाला चित्र असते : कड्याखालची होडी, कुंपणापाशी शेवंती न्याहाळणारा म्हातारा, नाहीतर गाढवावर बसून बर्फातून फुलांच्या शोधात निघालेला कवी. दुसऱ्या अंगाला कवितेच्या दोन-चार ओळी आणि त्यांच्या अखेरीस दोन अक्षरांची सही. मौज अशी की ही सही फार वेळा एकाच माणसाची असते. लू त्झूकांग हे त्याचे नाव. हा माणूस सोळाव्या शतकात होऊन गेला आणि त्याच्या सहीचे लोलक सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तयार होत राहिले. आजही होतात. हे कसे झाले, हीच आजची कथा.

प्रथम दगडाची ओळख करून घेतली पाहिजे. चिनी भाषेत त्याला ‘यू’ म्हणतात. फारसीच्या द्वारे आपल्याकडे आलेले नाव संगेयशब. ‘जेड’ हा युरोपीय शब्द स्पॅनिश लोकांनी दिला. मेक्सिकोत त्यांना असा दगड मिळाला, तो कुशीला बांधला तर मूत्रपिंडाचे दुखणे बरे होते असे त्यांनी ऐकले, आणि त्यांनी त्याला ‘कुशीचा दगड’ म्हटले. ज्याला चिनी माणूस सद्गुणांची मूर्ती मानीत होता, त्याला पश्चिमेने कंबरदुखीच्या औषधाचे नाव द्यावे, हा इतिहासाचा एक लहानसा विनोद आहे. पुढे १८६३ साली अलेक्सी दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, जेड म्हणून विकले जाणारे दगड वस्तुतः दोन वेगळ्या जातींचे आहेत. एक नेफ्राइट व दुसरा जेडाइट. खंड्या पक्ष्याच्या पिसासारखा झगझगीत हिरवा जेडाइट ब्रह्मदेशातून येतो आणि तो चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो अठराव्या शतकात. आमच्या लोलकांचा मूळ दगड नेफ्राइट. तो खोतानचा.

खोतान म्हणजे तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेचे शहर. कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या दोन नद्या तेथून वाहतात. एकीचे नाव युरुंगकाश, दुसरीचे काराकाश. तुर्कीत ‘काश’ म्हणजे हाच दगड, तेव्हा एक पांढऱ्या जेडची नदी व दुसरी काळ्या जेडची. पर्वतात सुटलेले दगड पुरात घरंगळत येतात, वाटेत त्यांचे ठिसूळ भाग झडून जातात आणि नदीच्या पात्रात उरतात ते गोटे अस्सल. पाणी ओसरले की लोक पात्रात उतरून ते वेचीत. सुंग यिंगशिंग या ग्रंथकाराने १६३७ साली उद्योगधंद्यांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यात तर हे दगड चांदण्यात शोधतात आणि शोधायला विवस्त्र स्त्रिया नदीत उतरतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुंग महाशय कधी खोतानला गेले नव्हते. परंतु त्याच प्रकरणात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती विश्वासार्ह आहे : उत्तम दगड राजधानीत जमतो खरा, पण कसब पाहावे तर सूचौचे.

हे कसब कशात होते? नेफ्राइटची घडण म्हणजे केसाएवढ्या बारीक तंतूंची एकमेकांत गुंतलेली गाठ. त्यामुळे तो विलक्षण चिवट असतो, सहजी फुटत नाही. त्याची कठीणता मोसच्या मापाने ६ ते ६.५. गारेची कठीणता ७. म्हणजे ज्या वाळूत गारेचे कण आहेत ती वाळू या दगडाला झिजवू शकते, आणि कुरुंदाची पूड असेल तर काम आणखी लवकर होते. सारी किमया एवढ्या एका अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकावर उभी आहे. कारागीर एका बाकड्यासारख्या यंत्रावर बसे. त्याच्या पायांखाली कोष्ट्याच्या मागाला असतात तशा पावड्या. आळीपाळीने दाबल्या की आडवा दांडा एकदा पुढे, एकदा मागे फिरे. दांड्याच्या टोकाला लोखंडाची चकती. डाव्या हातात दगड, उजव्या हाताने चकतीवर ओली वाळू सोडत राहायचे. चकती नुसती वाळूला फिरवते, झिजवण्याचे काम वाळूचे. दगड कापायला मोठी चकती, पृष्ठभाग उतरवायला लहान, अक्षरांच्या कोपऱ्यात शिरायला खिळ्याच्या डोक्याएवढी. शेवटी लाकडाच्या व चामड्याच्या चकत्यांनी झिलई. १८९१ साली ली छंगयुआन नावाच्या चित्रकाराने या साऱ्या क्रिया एका चित्रमालेत रंगवून ठेवल्या. ती चित्रे पाहिली म्हणजे ध्यानात येते की, या धंद्यात ठिणगी नाही, घणाचा आवाज नाही. पाण्याची ठिबक आणि घरघर, दिवसभर.

त्या लोलकावरची उठावाची चित्रे पाहा. उठाव किती, तर नखाच्या जाडीएवढा, पुष्कळदा त्याहूनही कमी. पण तेवढा उठाव आणण्यासाठी चित्र आणि अक्षरे सोडून बाकीची सगळी जमीन एकसारखी खाली उतरवावी लागते. कागदावर कवी अक्षर लिहितो. येथे अक्षर लिहीत नाहीत. अक्षर जागच्या जागी ठेवून त्याच्याभोवतीचे जग झिजवून टाकतात. एखादा फटकारा चुकीने झिजला तर तो परत लावता येत नाही.

एवढा खटाटोप या दगडासाठीच का, याचे उत्तर फार जुने आहे. यांगत्सेच्या मुखाजवळच्या ल्यांगचू संस्कृतीत पाच हजार वर्षांपूर्वी जेडच्या वस्तू मोठ्यांच्या थडग्यांत शेकड्यांनी ठेवीत. शांग राणी फू हाओ हिचे थडगे १९७६ साली आन्यांगला उघडले तेव्हा त्यात ७५५ जेडच्या वस्तू निघाल्या. पण राजाच्या थडग्यातून हा दगड विद्वानाच्या कमरेला आला तो कन्फ्यूशियसच्या परंपरेमुळे. प्राचीन विधिग्रंथात एक संवाद आहे. शिष्य विचारतो, सज्जन लोक जेडला एवढे मोल देतात ते तो दुर्मिळ आहे म्हणून काय? गुरू नाही म्हणतात आणि त्याच्या एकेका गुणाची माणसाच्या एकेका सद्गुणाशी सांगड घालून दाखवतात. त्याचा ओलसर, मऊ झळाळ म्हणजे दया. त्याला कडा असतात पण त्या कापीत नाहीत, तो न्याय. आपटला तर लांबवर स्वच्छ नाद देतो आणि मग एकदम थांबतो, ते संगीत. आतला डाग तो लपवीत नाही, तो प्रामाणिकपणा. म्हणून सज्जनाने कमरपट्ट्याला जेड बांधावा आणि सबळ कारणावाचून तो उतरवू नये. चालताना लोलक एकमेकांवर वाजत. चाल बिघडली की नाद बिघडे. दागिना म्हणून सुरू झालेली वस्तू अशा रीतीने जवळजवळ व्रताची खूण झाली. अभ्यासाला व मित्रांमधल्या चर्चेला चिनी भाषेत आजही जो शब्दप्रयोग आहे त्याचा मूळ अर्थ कापणे, तासणे, घडवणे, घासणे असा आहे. तो हाडांच्या व जेडच्या कामावरूनच आला.

तथापि या काळात लोलकावर पशू होते, नक्षी होती, पण कविता नव्हती. कविता तेथे येण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पुस्तके छापली जाऊन तीच पाच-पन्नास दृश्ये साऱ्या शिकलेल्या लोकांच्या ओळखीची व्हावी लागली, आणि दगड घासणाऱ्याला विद्वानांच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळावा लागला. दोन्ही गोष्टी मिंग काळाच्या उत्तरार्धात सूचौच्या परिसरात घडल्या. रेशीम, कालवे, बागा, सरकारी परीक्षांत उत्तीर्ण झालेले आणि नापास होऊन चित्रे काढीत बसलेले शेकडो लोक, असे ते शहर होते. त्यात च्वानचू नावाची एक गल्ली होती. राजाला मासा वाढताना माशाच्या पोटातून कट्यार काढून त्याचा खून करणाऱ्या मारेकऱ्याचे नाव तिला मिळालेले, आणि त्या गल्लीत घरोघरी चालत होती ही नाजूक चकती.

लू त्झूकांग मूळचा जवळच्या थायत्सांगचा. त्याच्याविषयी खात्रीचे असे फार थोडे उपलब्ध आहे, आणि जे आहे ते बहुमोल आहे. त्याच गावचा वांग शिचेन हा मोठा अधिकारी व साहित्यिक (१५२६–१५९०). त्याने बदललेल्या चालीरीतींची टिपणे लिहिली आहेत. त्यात तो म्हणतो की, जेडमध्ये लू त्झूकांग आणि इतर धंद्यांत अमुक अमुक यांच्या वस्तूंना नेहमीच्या दुप्पट किंमत पडते, आणि हे लोक आता प्रतिष्ठितांच्या बैठकीत बसू लागले आहेत. हे शेवटचे वाक्य कौतुकाचे आहे की कुरकुरीचे, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांला त्यात थोडी कुरकुर ऐकू येते. दुसरा साक्षीदार चांग ताय हा ललित लेखक. सूचौच्या अद्वितीय कलावंतांची यादी देताना तो पहिले नाव लूचे घेतो आणि मागच्यापुढच्या शंभर वर्षांत त्याला जोड नाही म्हणतो. तिसरा पुरावा थायत्सांगच्या स्थळवर्णनाचा. सतराव्या शतकातील हा ग्रंथ सांगतो की, सगळे लोक वाळूने जेड घासतात, पण पन्नास वर्षांपूर्वी आमच्या गावच्या लू त्झूकांगने तो सुरीने कोरला. त्याच्या हातचा केसांत खोवायचा एकेक काटा पन्नास-साठ रुप्याच्या नाण्यांच्या मोलाला जातो. तो मेला आणि विद्याही त्याच्याबरोबर गेली.

सुरीने कोरला, हे मघाशी आम्ही जे सांगितले त्याच्या विरुद्ध दिसते. पोलादाची सुरी येथे चालणार नाही हे उघड आहे. हिऱ्याच्या कणीचे टोक बसवलेले काही हत्यार त्याच्याजवळ असावे, असा तर्क केला जातो. लोकांना मात्र तर्कापेक्षा दंतकथा प्रिय असते. तिच्याप्रमाणे लूजवळ एक दिव्य सुरी होती आणि ती तो कोणाला दाखवीत नसे. बादशहाने त्याला बोलावून भांडे घडवण्यास सांगितले व त्यावर आपले नाव घालू नको अशी ताकीद दिली. लूने ते ड्रॅगनच्या मुखाच्या आत दडवले. ते सापडले आणि त्याचा शिरच्छेद झाला. गोष्ट खरी मानण्याचे कारण नाही. पण ती लोकांना खरी वाटावी याचे कारण समजू शकते. ज्या समाजात कवी, चित्रकार, मालक आणि पुढे त्या वस्तूचा संग्राहक या सर्वांची नावे एकापुढे एक शिक्क्यांनी उमटत होती, तेथे वस्तू घडवणाऱ्याचे नाव लागणे म्हणजे मर्यादेचे उल्लंघन होते. दंतकथेने त्याला एक शिक्षा देऊन टाकली.

श्रोत्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. समकालीनांच्या ज्या साक्षी आम्ही वर दिल्या त्यांत केसांतला काटा आहे, लोलकाचे नाव नाही. तेही पुढे पाहू. त्याआधी लोलकावरचे एक चित्र जवळून पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय ही वस्तू लोकांना का हवीशी वाटली हे कळणार नाही.

उजवीकडे वरून झुकलेला कडा, त्यावर एखादे पाइनचे झाड. खाली चार-पाच वळणांत दाखवलेले पाणी. पाण्यात होडी, तीत तीन-चार माणसे, एकाच्या डोक्यावर उंच चौकोनी टोपी. वर कोपऱ्यात चंद्र. एवढे दिसले की शिकलेला चिनी माणूस म्हणे, सू तुंगपो, तांबडा कडा. सू तुंगपो हा सुंग काळातला थोर कवी. १०७९ साली त्याच्या कवितांत राज्यकारभाराची निंदा आहे असा आरोप ठेवून त्याला पकडले. शंभरावर दिवस तो तुरुंगात होता. प्राण वाचले, पण त्याला यांगत्सेकाठच्या ह्वांगचौ या गावी हद्दपार केले. तेथे १०८२ साली, सातव्या महिन्याच्या वद्य प्रतिपदेला, तो मित्रांसह होडीतून कड्याखाली गेला. एका मित्राने बासरी वाजवली. ती इतकी करुण की, कारण विचारावे लागले. याच जागी २०८ साली मोठे युद्ध झाले, ते वीर आज कोठे आहेत, अशा विचाराने मित्र खिन्न झाला होता. सूने त्याची समजूत घातली, पात्रे पुन्हा भरली आणि पहाटेपर्यंत सगळे होडीतच झोपून गेले. या रात्रीवर त्याने जे गद्यकाव्य लिहिले ते चिनी वाङ्मयाचे शिखर मानले जाते. (युद्ध झाले तो तांबडा कडा हा नव्हेच, नदीच्या बराच वरच्या अंगाला होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. सूलाही शंका असावी. आपल्या दुसऱ्या एका कवितेत त्याने ही जागा लोक तीच सांगतात, एवढेच म्हटले आहे.)

आता या काव्याची एक हकीकत सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. सूने स्वतःच्या हाताने लिहिलेली त्याची एक प्रत तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. ती त्याने पुढच्या वर्षी एका मित्राला पाठवली आणि शेवटी चार ओळींची चिठ्ठी लिहिली. तिचा आशय असा की, गेल्या वर्षी हे लिहिले, पण सहसा कोणाला दाखवले नाही, एकदोघांनीच पाहिले असेल. फार संकटे भोगली आहेत, आता भय वाटते. तुमचे माझ्यावर प्रेम आहे, तेव्हा हे खोल दडवून ठेवाल, बाहेर काढणार नाही, अशी खात्री आहे. पुढे या गुंडाळीचा आरंभीचा भाग फाटून गेला. गेलेली ३६ अक्षरे सूचौचा वृद्ध चित्रकार वन चंगमिंग याने १५५८ साली, चिनी गणतीने वयाच्या ८९ व्या वर्षी, पुन्हा लिहून दिली. लू त्झूकांगच्याच काळात, त्याच्याच शहरात. जे काव्य कवीने घाबरत घाबरत मित्राच्या हवाली केले होते, ते पाचशे वर्षांनी लोलकावर चढून बाजारात उघड विकले जाऊ लागले. ते कमरेला बांधून हिंडणारे बहुतेक सरकारी नोकर होते, किंवा नोकरीतून काढलेले, किंवा उद्या निघू अशी धास्ती असलेले. कचेरीत साहेबापुढे उभे असताना बोटाने चाचपून पाहावा तो बडतर्फ कवीचा कडा. याला निव्वळ दागिना कसे म्हणावे?

इतर दृश्यांतही हाच स्वर पुष्कळदा सापडतो. शेवंतीपाशी उभा राहणारा थाओ युआनमिंग (३६५–४२७) हा अधिकाऱ्यापुढे कमरेत वाकणे नको म्हणून नोकरी सोडून शेतावर गेलेला कवी. करकोचांबरोबर राहणारा लिन पू (९६७–१०२८) याने नोकरी धरलीच नाही. प्रेमकथाही आहेत, ‘पश्चिम कक्ष’ या नाटकातील प्रवेश जेडवर व चिनी मातीच्या भांड्यांवर आले. पण पुरुषांच्या लोलकांवर राज्य केले ते राजीनामा दिलेल्यांनी. आणि कादंबरीत तर लोलकच नायक झाला. त्साओ श्युएछिनच्या ‘लाल महालाचे स्वप्न’ या १७९१ साली छापल्या गेलेल्या कादंबरीचा नायक तोंडात जेडचा तुकडा घेऊनच जन्मतो. त्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी अक्षरे असतात, आणि तो हरवला की त्याची शुद्धच हरपते.

मिंग घराणे १६४४ साली गेले, मांचूंचे छिंग घराणे आले. दगडाची खरी सुबत्ता झाली ती छ्येनलुंग बादशहाच्या कारकिर्दीत. १७५९ साली त्याच्या सैन्याने खोतान, यारकंदचा मुलूख पुरता जिंकला आणि दुसऱ्या वर्षापासून जेड खंडणीत येऊ लागला. बादशहाला या दगडाचे वेड होते. यू राजा पूर आवरीत असल्याचा देखावा कोरलेला पाच टनांहून अधिक वजनाचा प्रचंड खडक त्याने खोतानहून बीजिंगला, तेथून कालव्याने यांगचौला आणि काम झाल्यावर १७८७ साली परत बीजिंगला आणवला. तो राजवाड्यात आजही उभा आहे. या खडकापुढे आमचा लोलक म्हणजे पर्वतापुढे मोहरी.

या वेडाची किंमत कोण मोजत होते, हे एका खटल्यात उघड झाले. काओ पू हा यारकंदला नेमलेला अधिकारी, घराणे मोठे, आत्या बादशहाची मानाची राणी. त्याने तीन हजारांहून अधिक स्थानिक लोकांना वेठीला धरून डोंगरात जेड खणायला लावले आणि तो माल व्यापाऱ्यांमार्फत चोरून सूचौला पाठवला. यारकंदच्या मुसलमान बेगने तक्रार केली. १७७८ साली काओ पूचा शिरच्छेद झाला. बादशहाने आप्तपणा पाहिला नाही, हे खरेच. पण त्या चोरट्या दगडातून घासलेल्या वस्तू सूचौच्या दुकानांत कोणीतरी आवडीने विकत घेतल्याच असतील. होडीतला सू तुंगपो किंवा शेतावरचा थाओ युआनमिंग हा कोणाच्या वेठबिगारीतून आला, हे लोलकावर लिहिलेले नसते.

आणि दुसरीही एक विसंगती आहे. हाच बादशहा जेडवर कविता कोरवून घेत होता, आणि याच्याच कारकिर्दीत १७५५ साली हू चुंगत्साओ या विद्वानाला कवितेतल्या ओळींत राजद्रोह सापडला म्हणून ठार मारण्यात आले. पुढे ग्रंथांची मोठी छाननी झाली, कित्येक जाळले गेले. जिवंत माणसाची ओळ धोक्याची होती. सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची ओळ कमरेला बांधायला हरकत नव्हती.

सूचौच्या नव्या नमुन्यांवर मात्र बादशहाचा रोष होता. च्वानचू गल्लीतले कारागीर गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी दगड आरपार पोखरतात, वेलबुट्ट्यांनी भरून टाकतात, असे म्हणून त्याने या प्रकाराला ‘जेडवरचे संकट’ असे नाव दिले. आणि गंमत अशी की, याच सुमारास त्याला मोह पडला तो हिंदुस्थानी जेडचा. मोगल कारागिरांनी घडवलेल्या पातळ, पाकळ्यापाकळ्यांच्या वाट्या व तबके मध्य आशियातून त्याच्या दरबारी पोहोचली. त्याने त्यांवर अनेक कविता रचल्या आणि १७६८ साली हा ‘हिंदुस्थान’ आहे तरी कोठे, यावर एक शोधनिबंधही लिहिला. मोगलांकडचा दगडही बहुधा खोतानकडचाच. एकाच नदीचे गोटे, काही पूर्वेला सूचौकडे गेले, काही डोंगर ओलांडून आग्र्याकडे. आग्र्याकडचे लोकही जेडचा लोलक घालीत, पण छातीवर, आणि त्यावर कवितेऐवजी बहुधा कुराणातली वचने. काळजाची धडधड थांबावी म्हणून घालायच्या या ताइताला हौलदिली म्हणत. हौल म्हणजे धास्ती. आपण रोज वापरतो तो ‘हवालदिल’ शब्द याच घराण्यातला. चिनी लोलकातल्या हद्दपार कवीचे काम याहून फार वेगळे होते असे आम्हांला वाटत नाही.

१७९९ साली पुढच्या बादशहाने जेडच्या खाजगी व्यापारावरची बंदी सैल केली. दगड मुबलक झाला, आणि लोलक घासणारे हातही. प्रत्येकाने सही घातली ती त्झूकांगची. सहीतही एकवाक्यता नाही. ‘कांग’ हे अक्षर कधी डोंगराच्या कण्याचे, कधी कणखरपणाचे, उच्चार एकच. राजवाड्यातल्या व बाहेरच्या संग्रहांत अशा सहीच्या वस्तू पुष्कळ आहेत. बहुतेक लोलक जाणकार छिंग काळाचेच ठरवतात. अमुक एक लोलक नक्की लूच्या हातचा, असे निर्विवाद म्हणावे असा एकही सापडत नाही. १९६२ साली बीजिंगमध्ये सात वर्षांच्या एका मांचू मुलीचे थडगे उघडले. खांगशी बादशहाच्या बालपणी कारभार पाहणाऱ्या सोनीन या सरदाराची ती नात, १६७५ च्या सुमारास पुरलेली. तिच्याजवळ पांढऱ्या जेडचे एक झाकणाचे पात्र निघाले, त्यावर ही सही आहे. लूच्या काळाच्या इतके जवळचे, जमिनीतून निघालेले दुसरे उदाहरण विरळाच. पण ते पात्र आहे, लोलक नव्हे.

तेव्हा दोनशे-तीनशे वर्षे चाललेली ही लबाडी म्हणायची काय? काही अंशी होय. सही घातली की भाव वाढे, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते. पण आपल्याकडे ‘नामा म्हणे’ ही मुद्रा असलेले सगळे अभंग एका नामदेवाचे नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले तेव्हा आपण नंतरच्या नाम्याला चोर म्हटले नाही. सूचौतला घासणारा स्वतःचे नाव घालता तर ते कोणी वाचले नसते. त्याने पूर्वजाचे घातले. त्यामुळे ‘त्झूकांग लोलक’ हे माणसाचे नाव न राहता घाटाचे नाव झाले, पैठणी म्हटल्यावर ती पैठणात विणली काय असे आपण विचारीत नाही तसे. ज्याच्याविषयी स्थळवर्णनकाराने लिहिले की तो मेला आणि विद्या गेली, त्याचे नाव हजारो अनोळखी हातांनी दगडावर ठेवले. त्या हातांपैकी कोणाचे नाव आम्हांला आज येथे घेता आले असते तर बरे वाटले असते.

१८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या इंग्रजी फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. तेव्हापासून जेडच्या वस्तू जगभर पांगल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी जेडच्या वस्तू आहेत. त्या संथपणे पाहण्यासारख्या आहेत. मात्र काचेआडून जेड निम्माच दिसतो. तो हातात धरायचा, अंगाच्या उबेने गरम व्हायचा दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या बोटांनी चोळून काही जुन्या लोलकांवरची अक्षरे गुळगुळीत झालेली असतात. कारागिराने जे घासून वर काढले ते धन्याने घासून परत खाली नेले.

जाता जाता धंद्यातले एक गुपित सांगतो. दगडात डाग वा चीर असेल तर कारागीर चित्राची मांडणी त्याप्रमाणे करतो. डाग असेल तेथे ढग, चीर असेल तेथे कड्याची कपार. म्हणजे तांबड्या कड्याचा तो सुंदर खडबडीत भाग कित्येकदा दगडातल्या दोषाची सोय असते. म्हणून सर्वांत महाग वडी कधी कधी ती असते जिच्यावर काहीच कोरलेले नाही. चित्र नाही, ओळ नाही, वर दोऱ्यासाठी भोक तेवढे. चिनी भाषेत ‘नक्षी नाही’ आणि ‘काही भानगड नाही’ हे दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. तेव्हा प्रवासाला निघालेला किंवा नव्या नेमणुकीवर जाणारा माणूस अशी कोरी वडी बांधतो, वाटेत काही न घडो म्हणून. तिच्यावर सहीसुद्धा नसते. तरी दुकानदार तुम्हांला खात्रीने सांगतो की, ही कल्पना मूळची लू त्झूकांगचीच.